मोठ्या माणसांची अक्षरं

चष्म्याच्या काडीचा स्क्रू वैशालीच्या चिमटीतून तिसऱ्यांदा निसटला आणि काचेच्या काउंटरवर टिचकत जाऊन कुठेतरी पडला. ती त्रेचाळीस वर्षांची होती, आणि पेणच्या या दुकानात डोळे तपासायला लागून तिला एकोणीस वर्षं झाली होती. चाळिशी ओलांडली की जवळचं धूसर दिसायला लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे वाक्य ती दिवसातून चार वेळा समोरच्याला ऐकवायची. ते कधी स्वतःला ऐकवावं लागेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुपारची वेळ होती, दुकानात कोणी नव्हतं. तिने स्टँडवरचा सव्वा नंबरचा तयार चष्मा काढून नाकावर ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. गडबच्या एका भातगिरणीचं ते कॅलेंडर. त्यावर मोर होता. जानेवारीपासून तिला तो मऊ, थोडा धुक्यातला वाटत आला होता. आता दिसलं, की चित्र मऊ नव्हतंच. छापताना तांबडा रंग केसभर बाजूला सरकला होता, आणि मोराच्या बाहेर मोराचीच एक तांबडी कड सुटी उभी होती. असं सरकलेलं तांबडं तिने आधी पाहिलं होतं. पालथं पडून, कागदाला नाक लावून, हनुवटीखाली गार फरशी असताना. तिथे मोर नव्हता. मगरीचं अंग होतं, तोंडाच्या जागी सोंड होती, आणि तांबडी कड त्या जनावराच्या पाठीवरून घसरून चालली होती. एका बाईचा आवाज म्हणत होता, ‘याला घाई हाय. रंग मागं रायला तरी हा निघाला पुढं.’

संध्याकाळपर्यंत तिने सहा जणांचे डोळे तपासले. आता नीट दिसतं की मघाशी नीट दिसत होतं, हे विचारताना ती तेच मनातल्या मनात स्वतःलाही विचारत होती. तिच्याजवळ पानं होती, पुस्तक नव्हतं. पुस्तक उभं नसून आडवं होतं, एवढं नक्की, कारण ते उघडलं की तिच्या दोन्ही हातांत मावत नसे. पाठीला निळ्या कापडाची पट्टी होती. आतली जनावरं जगात नसलेली होती. मगरीच्या अंगाचा तो पाणसोंड्या. उधाणाचं पाणी तो सोंडेनं खाडीतून ओढायचा आणि मिठागरात सोडायचा. तो झोपला की मीठ पिकत नसे. दोन डोक्यांचं पाखरू होतं, त्याचं नाव दोनचोची. एक चोच खायची आणि एक बोलायची, म्हणून ज्या दिवशी बोलणं फार होई त्या दिवशी पाखरू उपाशी झोपे. आणि शिंगं असलेला एक सिंह मागच्या दोन पायांवर ताठ उभा होता, तो बांधराख्या. त्याच्या पाठीमागे खाडीचा बांध होता आणि बांधामागे सगळा समुद्र, म्हणून त्याला खाली बसता येत नव्हतं. ही नावं तिने आठवली नाहीत, ती वाक्यांसकट आपोआप आली. वाक्यांबरोबर एक बोटही आलं, ओळींखालून डावीकडून उजवीकडे सरकणारं. त्या बोटाच्या नखात मधोमध एक उभी चीर होती. नख वाढे तशी चीरही वाढे. ते बोट तिच्या आईचं, हौसाचं होतं, यात काही शंका नव्हती. आणि अडचण तिथेच होती. हौसाला वाचता येत नव्हतं. खाडीकाठच्या मिठागरावर वाढलेली बाई ती, शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. वैशालीच्या प्रगतिपुस्तकांवर पालकाच्या सहीच्या जागी ओळीने तिचे जांभळे अंगठे होते.

हौसा जाऊन तीन वर्षं झाली होती. वैशालीने वडिलांना फोन लावला. गुणाजी रोह्याला धाकट्या मुलाच्या घरी राहायचे. गडबजवळच्या भातशेतीवाल्या घरातले ते. दहावीपर्यंत शिकले आणि त्या जोरावर रोह्याला एका केमिकल कंपनीत लागले. वैशालीचं लहानपण तिथेच, रोह्यालगतच्या अष्टमी गावातल्या एका चाळीत, भाड्याच्या खोलीत गेलं. घरात अक्षर येणारा माणूस एकच, आणि तो पेपर मोठ्यानं वाचायचा, दोन घरं पलीकडे ऐकू जाईल इतका. वैशालीने त्यांना आडव्या पुस्तकाबद्दल विचारलं. पलीकडे जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, आपल्या घरात कसलं आलंय पुस्तक, कुणाकडं तरी बघितलं असशील. ती म्हणाली, आई वाचून दाखवायची. त्यावर ते म्हणाले, “तुझ्या आयेला वाचता कुठं येत होतं?” आणि नातीची चौकशी न करता, पाऊस किती झाला हे न विचारता त्यांनी फोन ठेवला. एरवी या दोन गोष्टी विचारल्याशिवाय ते कधी फोन ठेवत नसत. वैशालीला ते जाणवलं, पण तिने ते त्यांच्या वयावर ढकललं.

तिने ते सोडून द्यायला हवं होतं. तिचा नवरा जितेश तसं म्हणालाही, की लहानपणचं काय, चार गोष्टी मिसळून एक होतात. तो नागोठण्याहून शिफ्ट करून आलेला, जेवताना पेंगत होता. त्याचं म्हणणं तिला पटत होतं. तिचं कामच ते होतं. नंबर बदललेला असूनही तक्त्यावरची खालची ओळ धडाधड वाचणारी माणसं तिने पाहिली होती. त्यांना दिसत काहीच नसे, ओळ पाठ झालेली असे, आणि आपण पाहतोय असं त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटत असे. मग आपली ओळ कुठली, दिसलेली की पाठ झालेली? हा प्रश्न तिला त्रासाचा वाटायला हवा होता, पण वाटला नाही. उलट बऱ्याच वर्षांनी सकाळी उठताना तिच्याजवळ काहीतरी होतं. दात घासताना, भाकरीचं पीठ मळताना ती एकेक पान चाचपून बघू लागली. दोनचोचीचं कुठलं डोकं बोलकं, डावं की उजवं? बांधराख्याच्या पायाखाली काय होतं? तिथे एक छोटा हत्ती चिरडलेला होता, आणि आवाज म्हणाला होता, ‘चिरडला नाय गो, त्याच्या पायाला टेकू दिलाय त्यानं.’ हे तिला पिठाचे हात धुताना आठवलं, आणि नळ चालू ठेवून ती हसली.

तिची मुलगी अपेक्षा एकोणीस वर्षांची होती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिने हे काम हातात घेतलं. फोनवर जुन्या बालपुस्तकांची हौस असणाऱ्या लोकांचा एक गट होता, त्यावर तिने आईचं वर्णन टाकलं. दोन दिवसांत साठ उत्तरं आली. प्रत्येकाला खात्री होती. कुणी राक्षसांचं पुस्तक सुचवलं, कुणी पंचांगासारखं काहीतरी, एका गृहस्थांनी आपल्या हरवलेल्या भावाबद्दलच लांबलचक लिहिलं. वैशाली दुकानात बसून सगळं वाचायची, सव्वा नंबर लावून. प्रत्येक मुखपृष्ठ उघडताना छाती थोडी भरून यायची आणि चित्र दिसलं की खाली बसायची. नाही, हे नाही. आपल्याला काय हवं आहे हे माहीत नसताना काय नको हे इतकं नेमकं कसं कळतं, याचंही तिला नवल वाटे. पेणच्या वाचनालयातल्या बाईंनी लहान मुलांचं कपाट तिच्यापुढे रिकामं केलं. त्यात सिंह होते, उंदीर होते, सोंड असलेली मगर नव्हती. एके दिवशी अपेक्षा म्हणाली, की तिने ती नावंच शोधून बघितली. पाणसोंड्या, दोनचोची, बांधराख्या. जुन्या याद्या, जुने अंक, सगळं धुंडाळलं. “आई, हे शब्द कुठेच नाहीत. एकदासुद्धा कुणी लिहिलेले नाहीत.” ती हे सहज म्हणाली, आणि वैशालीला उंच पायरीवरून पाय चुकल्यासारखं झालं. नावं खोटी असतील तर बोटही खोटं ठरत होतं. आणि बोटाशिवाय आईची अशी कुठली आठवण तिच्याजवळ होती, जिच्यात आई काम करत नव्हती? तिने मोजायचा प्रयत्न केला. भांडी, चूल, नळावरची रांग, तांदूळ निवडणं, परातीवर वाकलेली मान. बसलेली, नुसती बसलेली हौसा फक्त त्या पुस्तकापाशी होती.

वाचनालयातल्या बाईंनीच पुंडलिकरावांकडे जायला सांगितलं होतं. पुंडलिकराव पूर्वी वाचनालयांच्या पुस्तकांची बांधणी करायचे. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मोतीबिंदू काढलेले, आणि त्यांचा चष्मा वैशालीच्याच दुकानातून गेलेला होता. पुढल्या खोलीत एक जुनी दाबयंत्राची चौकट होती, तिच्यावर आता कुंड्या ठेवल्या होत्या. त्यांनी जनावरांची नावं ऐकून घेतली, पण त्यांना त्यात रस नव्हता. निळं कापड जाड होतं की पातळ? टाके मधून होते की कडेने? पानं वळवताना गुळगुळीत लागायची की खरखरीत? वैशाली डोळे मिटून उत्तरं देत गेली आणि आपल्या बोटांना हे सगळं माहीत आहे हे बघून थक्क होत गेली. मग त्यांनी विचारलं, अक्षरं कशी होती. मोठी, ती म्हणाली. ठळक, काळी. ते म्हणाले, तसं नव्हे, एखादं अक्षर सांगा, एखादा शब्द, कुठलाही. तिने डोळे मिटूनच शोधलं. चित्र होतं, चित्राखाली काळ्या ओळी होत्या, ओळींखाली बोट होतं, पण बोटाच्या वर एकसुद्धा अक्षर वाचता येत नव्हतं.

“वर रेघ होती का?” पुंडलिकरावांनी विचारलं.

“कसली रेघ?”

“मराठी शब्दाच्या डोक्यावर असते ती. सगळी अक्षरं तिला टांगलेली असतात. तुमच्या पुस्तकात अक्षरं टांगलेली होती का सुटी होती?”

तिला एकदम कडबोळी दिसली. परातीत काढून ठेवलेली, गोल, एकात एक गुंतलेली, प्रत्येकाचं टोक वळून आत गेलेलं. ओळीच्या ओळी कडबोळी. पहिलीत गेल्यावर तिने दुपारी पुस्तक पुढ्यात ओढलं होतं आणि आईला म्हटलं होतं, की बाईंनी शिकवलेलं एकपण अक्षर यात नाहीये. ग नाही, म नाही, भ नाही. हौसाने जरा वेळ पानाकडे पाहिलं होतं. मग म्हणाली होती, “ही मोठ्या माणसांची अक्षरं हायत. तुला अजून दोन यत्ता हायत.” वैशालीने ते तेव्हा नीट ऐकून ठेवलं होतं आणि त्यावर अजिबात शंका घेतली नव्हती. तिसरीत गेल्यावर पहिल्या दिवशी ती वाट बघत बसली होती, आज बाई मोठी अक्षरं काढतील म्हणून. बाईंनी वजाबाकी काढली. त्या दिवशीची ती उदासी तिला आजवर अधूनमधून आठवायची, फक्त ती कशाची हे विसरलं होतं. पुंडलिकराव म्हणत होते, गोल असतील तर कानडी असेल, तेलुगूही असेल. तुमच्या शेजारी तिकडलं कुणी होतं का? आणि वैशाली म्हणाली, हेगडेबाई. वरच्या मजल्यावर हेगडेबाई होत्या, त्यांचे मिस्टर कंपनीत होते, त्यांच्या घरात नारळाच्या तेलाचा वास यायचा. बदली होऊन ते गेले तेव्हा त्यांनी स्टूल, दोन कुंड्या आणि काहीबाही सामान खालच्या बिऱ्हाडांना वाटलं होतं.

घरी चालत येताना तिला हसू येत होतं. हौसाला वाचता येत नव्हतं, पण हे पुस्तक त्या चाळीत कुणालाच वाचता येत नव्हतं. पेपर मोठ्यानं वाचणाऱ्या गुणाजींनासुद्धा नाही. तिथे चुकलीस असं म्हणणारं कुणी नव्हतं. चित्रं बघायची आणि बोट चालवायचं, डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की खाली, जसं नवऱ्याला करताना पाहिलं होतं तसं. आणि त्या अनोळखी जनावरांना तिने आपल्या माहितीतली कामं लावून दिली. खाडी, बांध, उधाण, मीठ. म्हणून नावं कुठेच सापडली नाहीत. ती एकाच तोंडातून निघाली होती आणि एकाच कानात गेली होती, असं वैशालीला वाटलं.

त्यानंतर पुस्तक चार दिवसांत मिळालं. अपेक्षाने कानडी लोकांच्या तशाच एका गटावर लिहिलं, आणि शिरसीच्या एका शिक्षिकाबाईंनी आपल्या माळ्यावरच्या प्रतीचे फोटो पाठवले. निळी पट्टी नव्हती, ती कुणीतरी नंतर लावली असणार. पण पहिलाच फोटो उघडला आणि सोंडेची मगर पुढे आली. हिचा रंग मात्र जागच्या जागी होता. म्हणजे सरकलेला रंग फक्त रोह्याच्या त्या एका प्रतीत होता. वैशालीने अपेक्षाला फोनवरून मजकुराचं मराठी करायला लावलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि आपण ते टाळत नाही आहोत याचं तिला बरं वाटलं. मजकूर अगदी साधा निघाला. हा मकर आहे. देवळाच्या दारावर हा कोरलेला असतो. शिंगांच्या सिंहाखाली होतं, हा व्याल आहे, हा बळाचं प्रतीक आहे. मुलांनो, सहलीला जाल तेव्हा नीट निरीक्षण करा. प्रत्येक पानावर तीन-चार वाक्यं, खाली एक प्रश्न. अपेक्षा म्हणाली, “आजीचं भारी होतं.” वैशालीने मान हलवली. शेवटच्या पानाचा फोटो तिने पुन्हा पुन्हा उघडला, कारण ते पान तिला अजिबात ओळखीचं वाटत नव्हतं. कमरेच्या वर बाई, कमरेखाली पाखरू, हातात एक लांब दांडीचं वाद्य. बाकी सगळी पानं बोटांनी ओळखली होती. हे मात्र तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

रविवारी ती एकटीच रोह्याला निघाली. गाडीला गर्दी नव्हती. कासूला दोन बायका वांग्यांच्या पाट्या घेऊन चढल्या, नागोठण्याला उतरल्या. दोन्हीकडे भात पोटरीवर आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. ती फोनवरचे फोटो पुढे-मागे करत होती आणि वडिलांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होती. आपण बरोबर होतो, हे सांगायचं होतं. पण त्याहून जास्त तिला त्यांचा चेहरा बघायचा होता. फोनवरचा तो पंख्याचा आवाज आता तिला आठवत होता, आणि तो वयाचा वाटत नव्हता.

गुणाजी ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. भाऊ-भावजय बाजारात गेले होते. तिने पाणी घेतलं, मग काही न बोलता फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. मगर. पाखरू. सिंह. मग फोन मांडीवर उलटा ठेवून ते रस्त्याकडे बघत राहिले. वैशाली त्यांच्यापाशी पायरीवर बसली. तिने विचारलं नाही. एकोणीस वर्षांत एक गोष्ट ती शिकली होती, की माणूस गप्प झाला की काच बदलायची घाई करायची नाही.

थोड्या वेळाने ते सांगायला लागले. पहिली शिफ्ट तीनला सुटायची. घरी पोचायला पावणेचार व्हायचे. खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून हौसाचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, कुणी पाहुणा आलाय. ते चपला काढता काढता थांबले. मग रोज थांबायला लागले. हातात डबा घेऊन, दाराबाहेर, पाठ भिंतीला लावून, शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून चपलेचा अंगठा नीट करत असल्यासारखं. ही आपल्याशी चार शब्द बोलत नव्हती, आणि आत नुसती वाहत होती, असं ते म्हणाले. त्यांना ठाऊक होतं तिला वाचता येत नाही. पण ती वरची हेगडेबाई तिला घरी बोलवायची, तिच्याकडून मासे करायला शिकायची, तिनेच पुस्तकातलं सगळं समजावून दिलं असेल, असं त्यांनी धरलं होतं. मग एकदा दुपारी त्यांनी शिफ्टचा एक सोबती चहाला आणला. त्याने फळीवरचं पुस्तक उचललं, उघडलं आणि म्हणाला, वहिनी कानडी वाचतात काय?

“मी हासलो,” गुणाजी म्हणाले. “मोठ्यानं. म्हटलं, हिला मराठी येत नाय, कानडी काय वाचणार. मिठागरावरची हाय ती. तो पण हासला.” त्यांनी मांडीवरचा फोन सरळ केला, परत उलटा केला. “तिनं चहा दिला. काय बोलली नाय. दुसऱ्या दिवशी मी दारात उभा रायलो, तर आत आवाजच नाय. पुस्तक पण नाय. कुठं टाकलं, कुणाला दिलं, मी इचारलं नाय. पुढं तीस-बत्तीस वरसं मी तिला इचारायचं म्हणत रायलो.”

तेव्हाचा तो दिवस वैशालीला शोधूनही सापडत नव्हता. पुस्तक नाहीसं झाल्याचं तिला आठवतच नव्हतं. ती बहुतेक शाळेत असेल. तिने वडिलांच्या मांडीवरून फोन घेतला, शेवटचं पान काढलं आणि म्हणाली, हे पान काही मला आठवत नाही, आईने हे कधी दाखवलंच नसेल.

गुणाजींनी फोन घेतला आणि या वेळी त्यांना तो लांब-जवळ करून बघावा लागला नाही. “आठवंल कसं,” ते म्हणाले. “तू झोपलेली असायचीस. तुला सिंहापाशीच झोप लागायची.”

“मग आई थांबायची नाही?”

“नाय. शेवटपर्यंत वाचायची.”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की ते काय बोलले हे तिच्या लक्षात यायला एक क्षण गेला. दुपारची खोली, झोपलेलं पोर, आणि हौसा बोट फिरवत पुढची पानं वाचते आहे. कुणासाठी? वैशालीने वडिलांकडे पाहिलं. ते चित्रात गुंतले होते. ही मिठागरावरची बाई, ते सांगू लागले. त्यांचा आवाज खाली आला होता, पेपर वाचतानाचा नव्हता. मिठानं माणसाचे पाय फुटतात, भेगांत मीठ जातं, म्हणून हिनं बगळ्याचे पाय मागून घेतले. आणि हातातलं हे वाद्य नाय, मीठ ओढायचा दांडा हाय. दिवसभर ती त्या पायांनी मीठ ओढायची. पण बगळ्याचे पाय घेऊन घरात कसं जाणार, नखं वाजतात, पोर जागं होईल. म्हणून घरी आली की ती पाय दाराबाहेर काढून ठेवायची, आपण चपला काढतो तसे.

“आणि बाहेर एक जण असायचा,” गुणाजी म्हणाले. “भिंतीला टेकून. तिच्या पायांवर राखण करायला. तो आत येत नाय, काय बोलत नाय. तिला ठाऊक असतं तो हाय म्हणून, म्हणून ती निवांत असते. असं होतं शेवटी. रोज असंच होतं.” त्यांनी फोन तिच्यासमोर धरला. त्यांचं बोट बाईच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर होतं. “मला दिसत नाय नीट. तू बघ. इथं कडंला काढलाय का गो कुणी? का खाली लिवलंय त्याचं?”

वैशालीने चित्र मोठं केलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेलं. मग खालच्या ओळींवरून बोट फिरवलं. त्यांचं मराठी तिला आता पाठ होतं, ही किन्नरी आहे, ही स्वर्गात गाते, तुमच्या गावच्या देवळात अशी मूर्ती आहे का?

“नाही बाबा,” ती म्हणाली. “पुस्तकात कुणी नाही. तो आईने घातला.”

गुणाजींनी फोन परत मागितला. चित्र पुन्हा लहान झालं होतं, ते त्यांना मोठं करता येत नव्हतं, आणि तिने मदत केली नाही. ते बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले.